बिनपाटीचं फोल्डर

उत्कर्षाला वाटलं होतं, सोलापुरात लोक आपली वाट बघत असतील. हार घेऊन नव्हे, इतकी ती भाबडी नव्हती. पण निदान मनात चार प्रश्न घेऊन तरी. एडिंबराच्या थंडीत अभ्यास करताना तिनं काकांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना मनातल्या मनात कितीदा तरी नव्यानं उभा केला होता. जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराचं माप एका जागी. मंगळवेढ्याच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोरीलाही अंगाबरोबरचा फ्रॉक. कापडाची नासाडी नाही, वाढत्या अंगाचं म्हणून गळ्यात मारलेली पोती नाहीत.

सापडलं ते असं: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तापलेल्या पत्र्याखाली पेंगणारी माणसं, आणि गोदामाच्या कोपऱ्यात, खाकी कापडाच्या ताग्यांमागे, फाटक्या चादरीखाली झाकून ठेवलेला एक काळा डबा. कारखान्याचे सगळे फोटो या डब्यातल्या हार्ड डिस्कवर साठवलेले. चादर उचलली तर डब्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे.

“हे काय?” तिनं विचारलं.

“विभूती,” वीरभद्रप्पा म्हणाले. हे तिचे थोरले काका, कारखान्याचे मालक. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे.

“ते दिसतंय. पण का?”

“मशीन हाय की. खंडेनवमीला सगळ्या मशीनला लावतो, ह्यालाच नको व्हय? रुसंल की ते.”

अप्पा स्वतःच्या विनोदावर हसले. कटिंग करणारा सिद्धू मास्तर हसला. कॉम्प्युटरवर बसणारी अंकिताही हसली. उत्कर्षा हसली नाही. ज्या माणसाला यंत्र आणि देव यांत फरक कळत नाही, त्याच्याकडे जिल्ह्यातली निम्मी शाळकरी पोरं अंग झाकायला येतात, हे तिला लाजिरवाणं वाटलं.

अप्पांची मापं घ्यायची रीत आणखीच अजब होती. टेप धरून पोरामागून पोर मोजायला माणसं लागतात, वेळ लागतो. म्हणून त्यांनी एक पांढरा पडदा शिवून घेतला होता, त्यावर इंचाइंचाच्या काळ्या रेघा. हिवाळा सरला की गाडी तो पडदा घेऊन गावोगाव फिरायची. मोहोळ, मंगळवेढा, दुधनी. पोरगं पडद्यापुढे उभं राहायचं, हातात नंबराची पाटी धरायचं, फोटो निघायचा. मग अंकिता फोटोतल्या रेघा बघून माप काढायची आणि सिद्धू मास्तर अंदाजानं त्यात वाढतं अंग मिसळायचा. सगळे फोटो जायचे डब्यात, शाळेवार. नाव एकीकडे, फोटो दुसरीकडे, कापड तिसरीकडे.

उत्कर्षाचं काम सोपं होतं. कारखान्यासाठी तिनं नवी सिस्टिम उभी केली होती. त्या सिस्टिमला हा डबा जोडायचा. एकदा जोडणी झाली की प्रत्येक फोटो आपापल्या मुलाच्या नावाखाली येऊन बसणार, तिथूनच माप, तिथूनच शिलाई. एक नियम तिनं स्वतः घातला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. प्रत्येक फाइलला मालक हवा. ती जागा रिकामी ठेवली तर सिस्टिम पुढे जाणारच नाही.

“आपल्या कारखान्यात एकही मूल निनावी राहणार नाही,” चहाच्या वेळी तिनं सगळ्यांपुढे सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. चहाबरोबर भजी होती, टाळ्या त्यांच्यासाठीही असतील.

जोडणीच्या दिवशी सकाळी तिची भाची शिवलीला कारखान्यात आली होती. उत्कर्षाच्या भावाची एकुलती एक पोर, चौथीत जाणारी, बोलायला लागली की थांबायची नाही. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते आणि सिद्धू मास्तरनं तिचा नवा फ्रॉक शिवून ठेवला होता. उत्कर्षानं आधीच बजावलं होतं: वाढतं अंग नाही, नेमकं माप. फ्रॉक घालून लीला आरशासमोर गर्रकन फिरली. घेर गुडघ्यावर थांबलेला, बाह्यांचे कफ मनगटावर.

“बघा मास्तर,” उत्कर्षा म्हणाली, “जमतं की नाही?”

“जमतंय की,” सिद्धू मास्तर म्हणाला. “पर पोरगी दिवाळीला उघडी पडंल. लेकरं काय तुमच्या सिस्टिमला इचारून वाढत न्हायती, ताई.”

हा माणूस कापडाला कात्री लावतो की अकलेला, असं तिच्या मनात आलं. ती वळली आणि लीलाला खुर्चीवर बसवलं. सिस्टिमला पहिली नोंद हवी होती, चाचणीपुरती. घरचंच पोर असलेलं बरं.

“आत्या, माझं नाव टाकायलीस?”

“हो. बघ, शिवलीला. ही तुझी उंची, हा तुझा फोटो.”

“मी दाबू बटण? मी दाबू, मी दाबू!”

“दाब.”

लीलानं ‘जतन करा’वर बोट दाबलं. पडद्यापुढे काढलेला तिचा फोटो नावाखाली येऊन बसला: दात पडलेला, पाटी उलटी धरलेली. उत्कर्षाला वाटलं, क्रांती म्हणतात ती अशीच लहानशी सुरू होत असणार. थोड्या वेळानं वहिनी येऊन लेकीला घेऊन गेली. लीलानं फ्रॉक काढायला साफ नकार दिला आणि नव्या गणवेशातच स्कूटरवर बसून मिरवत घरी गेली.

दुपारी सोलापूर बंद होतं, हे परगावच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. उन्हाचा असा काही जोर असतो की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली सरकतात. कारखान्यातली यंत्रं थांबली. बाया डबे खाऊन ताग्यांच्या आडोशाला लवंडल्या. अप्पा घरी जेवायला आणि झोपायला गेले. दिवसाचा मधला तुकडा असा कापून फेकून देणाऱ्या लोकांचं काय भलं होणार, असं म्हणत उत्कर्षानं जोडणी सुरू केली.

फाइली येऊ लागल्या. शाळांमागून शाळा. पंखा गरगरत होता. नव्या कापडाचा, खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास उन्हानं दाट झाला होता. जोडणी शेवटाला आली आणि थांबली. लाल अक्षरं आली: या फाइलींना मालक नाही.

फोल्डरचं नाव होतं ‘बिनपाटी’.

“अंकिता, हे काय आहे?”

अंकिता मोहोळची. रोज एसटीनं यायची, काम चोख करायची आणि काही विचारलं की आधी दाराकडे बघायची. आत्ताही तिनं तसंच केलं.

“ते सोडा, मॅडम.”

“सोडा म्हणजे?”

“ज्या फोटोत पाटी नसती ते त्यात टाकतो आम्ही. नंबर नाही ना, मग माप तरी कुणाचं काढायचं?”

“इतके? दर वर्षी?”

“दर शाळेला एक जास्त येतो.” अंकिताचा आवाज खाली गेला. “गाडीवाले म्हणतात, आम्ही काढलाच नाही तो.”

“मग कुणाचा आहे ते बघितलंत?”

“आम्ही बघत नाही त्याच्यात.”

“कोणी सांगितलं बघू नका म्हणून?”

“कुणी नाही. माझ्या आधी जी मुलगी होती, ती पण नव्हती बघत.”

एकीनं डोळे मिटले म्हणून दुसरीनं मिटले. ही यांची कार्यपद्धती! दर शाळेत एक मूल पाटीशिवाय उभं राहतं, त्याला नाव नाही, त्याला गणवेश मिळत नाही, आणि ही माणसं फोल्डर बंद करून चहा पितात. उत्कर्षाची कानशिलं तापली. तिनं यादी उघडली. मालक म्हणून निवडायला अजून एकच नाव होतं. बाकीची नावं जोडणी पुरी झाल्यावरच तयार होणार होती. शिवलीला.

“तात्पुरतं,” ती म्हणाली.

“मॅडम... नका ना. लहान पोर हाय ते.”

“अंकिता, ही फाइल आहे. चेटूक नाही.”

तिनं सगळं फोल्डर लीलाच्या नावाला जोडलं. लाल अक्षरं गेली, हिरवी आली. जोडणी पूर्ण. अंकितानं पर्स उचलली, डोकं दुखतंय म्हणाली आणि शेजारच्या कॅन्टीनकडे निघून गेली. तिच्या पाठीकडे बघत उत्कर्षानं मान हलवली. चौदावी शिकलेली पोर!

त्याच वेळी वीज गेली. पंखा हळूहळू मंदावला, एक शेवटची कुरकुर करून थांबला. यूपीएसवर कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला. त्या शांततेत तिनं लीलाची नोंद उघडली, बिनपाटीचे फोटो बघायला.

पहिल्या फोटोत एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची, सावळी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. हातात पाटी नाही, हात बाजूला सरळ सोडलेले. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात असं काही होतं की उत्कर्षा खुर्चीत किंचित मागे सरकली. भीती नव्हती, लाज नव्हती. फोटो काढणारा माणूस अगदीच क्षुल्लक असावा, बघायच्याही लायकीचा नसावा, अशी ती नजर होती.

दुसरा फोटो दुधनीच्या शाळेचा. तीच मुलगी.

तिसरा मंगळवेढ्याचा, जुना. तीच मुलगी. तेवढीच उंच. त्याच रेघेला टेकलेलं डोकं.

उत्कर्षा फोटो पुढे ढकलत गेली. शाळा बदलत होत्या, सालं बदलत होती, पडदा मळत होता, मध्येच नवा होत होता. डोकं त्याच रेघेला. नजर तीच. आणि मग तिला जे दिसलं, ते आधीच का दिसलं नाही, असं वाटून तिनं मागचे फोटो पुन्हा उघडले. बाकीची पोरं फोटोत फाटक्या, विटलेल्या कपड्यांत उभी होती. गणवेश अजून शिवायचाच होता, त्याच्यासाठी तर माप. या मुलीच्या अंगात मात्र प्रत्येक फोटोत त्या त्या शाळेचा कोरा करकरीत गणवेश होता. जे कापड अजून कापलंच नव्हतं, त्याचा.

खोडसाळपणा, ती स्वतःला म्हणाली. कुणीतरी वर्षानुवर्षं चावटपणा करतंय आणि या बथ्थड लोकांना कळत नाही.

यादीच्या वर एक नवी फाइल आली.

वीज नव्हती. डब्याला यूपीएस जोडलेला नव्हता. तोही अप्पांच्या काटकसरीचा एक नमुना. तरी फाइल आली. तारीख आजची. मागे पडदा होता, आणि पडद्यामागे खाकी ताग्यांची थप्पी. म्हणजे हेच गोदाम. मुलीच्या अंगात लीलाच्या शाळेचा फ्रॉक. डोकं नेहमीच्या रेघेच्या वर गेलेलं.

उत्कर्षा उठली. घाबरली म्हणून नव्हे, सोक्षमोक्ष लावायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. गोदामाचं दार ढकललं. आत अंधार नव्हता. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या सुऱ्या खाली उतरल्या होत्या. गुंडाळून ठेवलेला पडदा उलगडून भिंतीला लावलेला होता. समोर कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या डब्याचा हिरवा दिवा लागलेला होता. आणि त्या कोरड्या, करपलेल्या दुपारी तिथे ओल्या पाटीचा वास येत होता. थुंकीनं पुसलेल्या पाटीचा, आंबूस, गार.

“कोण आहे?” तिनं विचारलं.

पडदा किंचित हलला. वारा नव्हता.

ती मागच्या मागे बाहेर आली आणि दाराला कडी घातली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा वहिनी ओट्यापाशी धुसफुसत होती.

“बघा तुमच्या मास्तरची करामत! म्हणे नेमकं माप. आत दुसरी लीला मावंल एवढा शिवलाय.”

लीला खाटेवर बसून टीव्ही बघत होती. अंगात तोच फ्रॉक. घेर गुडघ्याच्या खाली लोंबत होता. कफ तळहातावर आले होते आणि त्यातून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

“सकाळी बरोबर होता,” उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला.

“सकाळी तुम्ही कौतुकानं बघितला असंल. ढगळाच हाय.”

“लीलू, इकडे ये. उभी राहा.”

“आत्या, कार्टून...”

“एक मिनिट. सरळ राहा.”

तिनं वहिनीच्या शिलाई मशीनवरचा टेप ओढला. सकाळची उंची तिला तोंडपाठ होती. पहिलीच नोंद, कशी विसरेल? टेप दोन बोटं कमी दाखवत होता. तिनं पुन्हा मोजलं. लीला खुदखुदली, गुदगुल्या झाल्या म्हणून. टेप तेच म्हणाला.

उत्कर्षा गॅलरीत गेली आणि अंकिताला फोन लावला.

“कारखान्यात आहेस अजून? डब्याची पिन काढ. भिंतीतून काढ.”

“थांबा मॅडम.” पावलांचा आवाज. कडी. मग, अगदी हळू: “काढली.”

“मग?”

“मॅडम, दिवा लागलेलाच हाय... मी निघते. उद्या येणार नाही मी.”

फोन बंद झाला. खाली जुळे सोलापूरच्या रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, पाणीपुरीवाला घंटी वाजवत होता, सगळं जिथल्या तिथे होतं. उत्कर्षानं मोबाइलवर सिस्टिम उघडली. लीलाच्या नावाखाली आणखी एक फोटो येऊन बसला होता. मुलगी दोन बोटं वाढली होती. नजरेतला तिरस्कार मात्र होता तेवढाच.

तिनं मालकाच्या जागेवरून लीलाचं नाव पुसलं. रिकामी जागा सिस्टिमनं घेतली नाही. “प्रत्येक फाइलला मालक हवा.” वाक्य तिचंच होतं, तिनंच लिहिलेलं. तो नियमच काढून टाकायला गेली तर पान फिरत राहिलं आणि नियम होता तिथेच होता. मग तिनं ‘कोणी नाही’ असं नाव तयार करून जोडलं. जतन झालं. तिनं श्वास सोडला. पान पुन्हा उघडलं तर तिथे शिवलीला होतं.

ती रात्र तिनं लीलाच्या उशाशी काढली. मोबाइल हातात होता. जोडणी पुरी झाल्यामुळे आता नावांची यादी भरली होती. मंगळवेढ्याची, मोहोळची, दुधनीची पोरं. ती यादी वर-खाली सरकवत होती आणि आपण काय शोधतोय, हे स्वतःला विचारत नव्हती. पहाटे लीला उठली, डोळे चोळत बेसिनपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, “आत्या, नळ वर कुणी केला?”

काल तिचा हात नळाला पोचत होता. आज ती चवड्यांवर उभी होती आणि बोटं हवेत चाचपडत होती.

उत्कर्षा तशीच, न आवरता, कारखान्यात आली. अप्पा लवकर यायचे, पूजा आटपून, कपाळावर विभूती ओढून. तिनं त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते चिडतील, हसतील, परदेशात जाऊन डोकं फिरलं म्हणतील, अशी तिची अपेक्षा होती. ते हसले असते तर तिला बरंच वाटलं असतं. अप्पांनी फक्त चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत काय असतंय त्यात? दर साली एक फोटो जास्त येतो. येऊ दे म्हटलं. आपलं काय खातंय?” ते खुर्चीत टेकले. “याकवा,” का गं, असं ते घरच्या कानडीत म्हणाले, “तू नाव कशाला दिलंस गं पोरी?”

“ते निस्तरायचं कसं, ते सांगा.”

“सोपं हाय की.” अप्पांनी कॉम्प्युटरकडे हनुवटी केली. “दुसऱ्या कुणाचं तरी टाक.”

“टाकलं. खोटं नाव राहत नाही.”

“मग खरं टाक. एवढी पोरं हायत त्यात, एखादं लांबच्या वस्तीवरचं बघ. कोण मोजायला बसलंय त्यांना? हितली दोन बोटं तितं गेली तर कुणाला कळायचंय? होगली बिडु, जाऊ दे. आपलं लेकरू आधी.”

किती सहज म्हणाले! दळण टाकायला सांगावं तसे. उत्कर्षा त्या गोल, गंध-विभूतीनं शांत दिसणाऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला किळस आली. या माणसानं आयुष्यभर पोरांना कपडे घातले. याच्या लेखी ती पोरं म्हणजे ताग्यातलं कापड, कुठूनही कापावं.

ती त्यांना काहीतरी घणाघाती बोलणार होती. एडिंबरापासून जपून आणलेली चांगली चांगली वाक्यं होती तिच्याकडे. तोंड उघडलं आणि मोबाइलचा पडदा समोर दिसला. रात्रभर ती जिथे थांबली होती ते नाव अजून तिथेच होतं, अंगठ्याखाली. सोजरबाई. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा वस्तीवरची, तिसरीतली. आजीचं नाव ठेवलं असणार. फोटोत तिनं पाटी छातीशी दोन्ही हातांनी धरली होती, कुणी हिसकावून घेईल अशी. अप्पांना सुचायला एक क्षण लागला. उत्कर्षा तर अख्खी रात्र त्या पोरीपाशी थांबली होती.

“अप्पा, तुम्ही बाहेर जा,” ती म्हणाली.

“टाकायलीस न्हवं?”

“बाहेर जा.”

अप्पा गेले. जाताना दार ओढून घेतलं, बघायला लागू नये म्हणून. त्या घराण्याला बघायला लागू नये याची सवयच होती.

ती कॉम्प्युटरपुढे बसली. लीलाच्या नोंदीत नवा फोटो आला होता. मुलगी आता लीलाच्या कालच्या उंचीला गेली होती. तिच्या डोळ्यांत उत्सुकता नव्हती. ही काय करणार, हे तिला आधीच माहीत असावं आणि त्याची किंमत शून्य असावी, तशी ती बघत होती.

उत्कर्षानं मालकाच्या जागेवरचं नाव पुसलं. मग एकेक अक्षर सावकाश दाबत तिथे लिहिलं: उत्कर्षा महेश्वर कलशेट्टी. उंचीही लिहिली, स्वतःची, खरी. आणि जतन केलं.

पान पुन्हा उघडलं. नाव राहिलं होतं.

थोड्या वेळानं वहिनीचा फोन आला. लीलाचा हात नळाला पोचतोय, काय झोपेत होती कार्टी कुणास ठाऊक, आणि येताना दूध आणाल का? उत्कर्षा हो म्हणाली. बाहेर मशीन सुरू होत होती, सिद्धू मास्तर कुणालातरी शिव्या घालत होता.

यादीच्या वर नवी फाइल आली होती. तिनं उघडली. या वेळी पडदा नव्हता. खुर्चीची पाठ होती, त्यावर पडलेली एक वेणी, न विंचरलेली, आणि पुढे उजळलेला कॉम्प्युटर. फोटो मागून काढलेला होता आणि खालून, लहान पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून.

ओल्या पाटीचा वास आला.

नावांची यादी अजून उघडीच होती. एक बोट दाबायचा अवकाश. सोजरबाई, नाहीतर तिच्या खालचं, नाहीतर त्याच्या खालचं. बाहेर कुणालाही कळलं नसतं. कळलं असतं तरी चहा आला असता, भजी आली असती.

उत्कर्षानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं यादी बंद केली आणि आपलं नाव तसंच राहू दिलं.